चिंचेखालची नावं

परवा कबनूरला जाऊन आलो... आणि मोठ्या हौसेनं केलेला शहाणपणा स्वतःच्याच हातानं निस्तरून आलो. तरी इतका खूश आहे की म्हटलं, लिहूनच टाकावं.

आधी थोडं मागचं. कॉलेजात असताना मी एक छोटी लायब्ररी लिहिली होती, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येतील अशी तयार फंक्शन्स. कापडाच्या काठाची नक्षी तिला द्यायची, मग मागावर कुठल्या ओळीला कुठले धागे उचलायचे याचा तक्ता ती काढून देते. तेव्हा अंगात मस्ती होती, त्यामुळे फंक्शन्सची नावं थेट मराठीत, देवनागरीतच... काठ_काढ, उलट_कर, दोरे_मोज. इंटरनेटवर टाकली आणि विसरून गेलो.

मध्यंतरी कापडाच्या नक्ष्यांवर काम करणाऱ्या कोइमतूरच्या एका ग्रुपचा मेल आला. काम आवडलं, पण नावं वाचता येत नाहीत म्हणे. झालं! मला आधीच नीटनेटकेपणाचा रोग. गेल्या रविवारी राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत ठाण मांडून सतराच्या सतरा फंक्शन्सना छान इंग्रजी नावं दिली आणि जुनी पार पुसून टाकली. जुनी वापरतंय कोण... मी, आणि फार तर माझा मावसभाऊ.

मंगळवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "दादा, तुमचं ते काठ काढायचं बंद पडलंय की! नुसती लाल अक्षरं यायलीत."

या शमाभाभी. माझा नंबर त्यांना लायब्ररीच्या पानावर मिळाला होता. नवरा कबनूरच्या एका कारखान्यात माग चालवतो, आणि भाभी कारखान्याला लागूनच असलेल्या घरी कॉम्प्युटरवर काठाच्या नक्ष्या करतात. तेही माझी लायब्ररी वापरून... आणि मला याचा पत्ताच नाही! जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून त्यांनी दुसरा घेतला, त्यावर लायब्ररी नव्यानं उतरवली आणि माझं रविवारचं कर्तृत्व नेमकं त्यांच्या वाट्याला आलं.

त्यात तो दिवस साधासुधा नव्हता. आजवर त्या दुसऱ्यांच्या नक्ष्या उतरवून द्यायच्या; त्यांनी स्वतः काढलेला पहिला काठ त्या दिवशी मागावर चढणार होता. कारखानदारानं एक माग दोन वाजेपर्यंत मोकळा ठेवला होता. तोवर तक्ता नाही आला तर दुसरं काम लागणार, आणि मग पुन्हा संधी कधी मिळेल कुणास ठाऊक.

मी फोनवर नवी नावं सांगायला लागलो, स्पेलिंगसकट. दोनदा चुकल्यावर भाभींनी मला थांबवलं. मग म्हणाल्या, "सातवी शिकल्याली बाई हाय मी, दादा. काठ काढ म्हटलं की त्यो काढतोय, म्हणून तर शिकले."

ताटलीतले पोहे तसेच ठेवले आणि गाडीला किक मारली.

पत्ता नीट पाठवा म्हटल्यावर त्यांनी कारखान्याच्या पाटीवरचं इंग्रजी नाव पाठवलं होतं, पाटीच्या फोटोसकट. कबनूरमध्ये ते नाव कुणाला माहीतच नाही! "असलं काय न्हाय हितं, पावणं," असं दोघांनी ठणकावून सांगितलं. तिसऱ्यानं फोटोतली पाटी बघितली आणि हसला. "आरं, चिंचेखालचा कारखाना व्हय! सरळ जावा की."

सरळ गेलो. कारखाना होता, चिंच कुठंच नव्हती.

"चिंच तोडून धा-बारा वर्सं झाली," शमाभाभी चहा देत म्हणाल्या. "पाटी बी दोनदा बदलली. पर चिंचेखालचा म्हटलं की माणूस बरोबर दारात येतंय."

मग त्यांनी वही काढली. चौकटीची वही, प्रत्येक पानावर पेन्सिलीनं काढलेला एक काठ आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेला प्रोग्राम... काठ_काढ, उलट_कर, पुन्हा काठ_काढ. पानामागून पानं. मी त्यांचा प्रोग्राम दुरुस्त करायला गेलो होतो हो... खरं सांगतो, लाज वाटली.

लॅपटॉप उघडला. कोइमतूरवाल्यांसाठी नवी नावं राहू दिली आणि प्रत्येकाशेजारी जुनं नाव परत लावलं. कुठल्याही नावानं हाक मारा, काम करणारं फंक्शन एकच. सतरा ओळी, वीस मिनिटं! रविवारीच केलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं.

सवयीनं एक सूचनाही घातली, आम्ही प्रोग्रामर घालतो तशी... 'हे नाव जुने झाले आहे, पुढे काढून टाकले जाईल.' भाभींनी लायब्ररी परत उतरवली, प्रोग्राम चालवला, तक्ता आला. पण त्याच्यावर ती सूचनाही आली. त्यांनी बोट ठेवून ती वाचली आणि आत्ता कुठं फुललेला चेहरा उतरला.

"म्हंजी परत बंद पडणार?"

सूचना तिथल्या तिथं काढून टाकली.

दीड वाजता तक्ता मागावर पोचला. खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं, पण हळूहळू कापडाच्या कडेला मक्याच्या कणसांची एक रांग उठायला लागली. शमाभाभी तोंडावर हात धरून बघत राहिल्या... आणि मग मागाच्या आवाजावर आवाज चढवून नवऱ्याला ओरडल्या, "बघितलंसा का!" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं वाटत होतं, ही लायब्ररी कुणी वापरतच नाही.

त्या काठाची हातभर पट्टी आता माझ्या टेबलावर आहे. भाभी, मनापासून आभार.

जुन्या नावांची वेगळी फाईल केलीय, तिचं नाव 'चिंचेखाली'. काल कोइमतूरहून विचारणा झाली, ही फाईल कशाला, काढून टाकायची का? मी फाईलच्या डोक्यावर मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत लिहून ठेवलं... 'या नावांना हात लावू नये. माणसं याच पत्त्यावर येतात.'