लसूण ठेचायचा बत्ता
लसूण ठेचल्याचा वास आला की अजून माझी उजवी मूठ आपोआप आवळते. एमडीची नशा सोडून मला तिसरा दिवस होता. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांना बाहेरून कुलूप होतं आणि चावी समोरच्या काकूंकडे, कारण आधी दोनदा माझं रडणं ऐकून आईनेच दार उघडून दिलं होतं. या खेपेला आईबाबांनी माझ्याबरोबर स्वतःलाही कोंडून घेतलं. भर दुपारी आई वरणासाठी लसूण ठेचत होती. मी तिच्या हातातला लोखंडी बत्ता हिसकावला आणि दारावर घालायला लागलो. बाबांनी मागून धरलं, तसा तो त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला, तरी मी थांबलो नाही. आई दाराला पाठ लावून उभी राहिली, तर तिच्या जबड्यावर मारला. फरशीवर रक्त पडलं आणि त्यात तिचे दोन दात. बाहेरून काकू रडत म्हणाल्या, "वहिनी, मी उघडते." आईने तोंडातलं रक्त थुंकलं आणि म्हणाली, "नका उघडू. तो जेवला नाही अजून." मग तिने मला भरवलं, आणि बाबा चांगल्या हाताने माझे पाय दाबून बसले. त्या नशेतून सुटून मला सहा वर्षं झाली, पण बत्त्याला मी कधी हात लावला नाही. काल आईने तोच बत्ता माझ्या हातात दिला. म्हणाली, "बारीक ठेच, मला चावत नाही."