वहीतली पूर्णा

"कुठं चुकलो?"

तास संपला की भूगोलाचे मास्तर खडू टेबलावर ठेवत, शेरवानीला पांढरं लागू नये म्हणून हात लांब धरून झटकत आणि वर्गाकडे बघून एवढंच विचारत. एखाद्या पोराने उठून चूक दाखवली आणि ती खरी निघाली, तर डोक्यावरची काळी टोपी दोन बोटांनी किंचित वर उचलून पुन्हा ठेवत. तोंडाने शाबासकी त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. त्या टोपीसाठी पोरं मात्र आठवडाभर झुरत.

तुम्हीही शाळेत बरेच मास्तर पाहिले असतील. चूक दाखवणाऱ्याला बाकावर उभा करणारे पाहिले असतील, चूक झाली की खोकून वेळ मारून नेणारेही पाहिले असतील. मी स्वतः या दुसऱ्या जातीचा. स्वतःची चूक पोरांकडून मागून घेणारा माणूस मी एकच पाहिला.

मी जालन्याच्या सरकारी शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा हैदराबाद संस्थान होतं. शाळेत शिकवणं उर्दूत, घरी बोलणं मराठीत आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. भूगोलाला आम्ही जुगराफिया म्हणत असू, आणि तो त्यांच्याकडे होता. माझ्यापेक्षा ते पंधरा वर्षांनी मोठे. मला कायम "गणितवाले" म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

ते पहिल्यापासून असे नव्हते. मी आलो तेव्हा ते शाळेतले सगळ्यात यशस्वी मास्तर होते, आणि त्यांचं यश एका वहीत होतं. लाल कापडाने बांधलेली जाड वही, आत मोत्यासारखं अक्षर. वर्गात येत, वही उघडत आणि प्रत्येक वाक्य दोनदा सांगत. पोरं उतरवून घेत, पाठ करत आणि मॅट्रिकच्या परीक्षेत ओकून येत. भूगोलात नापास होणारा पोरगा शोधून सापडत नसे. हेडमास्तर खूश, पालक खूश. त्या वेळी त्यांच्या तासाला कुणी प्रश्न विचारलाच तर ते म्हणत, "वहीत आहे ना? मंग झालं."

धावड्याचा किसन ही त्या वहीची कमाल होती. भोकरदन तालुक्यातलं गाव, घरची शेती, घरात शिकलेलं कुणी नाही. पोरगा मात्र असा की लाल वही त्याला स्वल्पविरामासकट पाठ. मॅट्रिकला शाळेत पहिला आला आणि जूनमध्ये हैदराबादला कॉलेजात गेला. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. मास्तरांनी स्वतः त्याची ट्रंक डब्यात चढवली.

दसरा झाला आणि किसन ट्रंकेसह परत आला.

का आला ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. बाजारात ही बातमी मास्तरांच्या कानावर आली तेव्हा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गणितवाले, उद्या सुट्टी आहे. धावड्याला जाऊन येऊ." मला खरं तर कपडे धुवायचे होते. पण त्यांचा चेहरा बघून मी नाही म्हटलं नाही.

भोकरदनपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. किसन शेतात कापूस वेचत होता. आम्हाला बघून त्याने कमरेची ओटी सोडली, पाया पडला आणि बोरीच्या झाडाखाली उभा राहिला. बराच वेळ "काही न्हाई मास्तर, बराबर हाय समदं" एवढंच चाललं. मग मास्तर जमिनीवर बसले, तसा तोही बसला आणि बोलला.

"वर्गात नद्यांचं चाललं होतं. प्रोफेसरांनी पूर्णेचं विचारलं. मी उठून सांगितलं, आपली पूर्णा तापीला मिळते."

मास्तरांनी मान डोलावली.

"ते म्हणले, तू कुठला? मी म्हणलं, धावड्याचा. ते म्हणले, शाळेला जाताना नदी वलांडत होतास का? म्हणलं, वलांडत होतो. ते म्हणले, पाणी कुठल्या अंगाला जात होतं? मंग समदा वर्ग हसला."

"पाणी कुठल्या अंगाला जातं, ठावं न्हवतं तुला?"

"ठावं होतं."

"मंग?"

किसनने मान खाली घातली. "तुमच्या वहीत तसं होतं, मास्तर."

पूर्णा नावाच्या नद्या दोन आहेत. एक वऱ्हाडातली, ती मावळतीकडे जाऊन तापीला मिळते. दुसरी आपली, ती उगवतीकडे जाऊन गोदावरीला. जुन्या पुस्तकावरून वही उतरवताना मास्तरांची नजर एक ओळ खाली घसरली होती आणि वऱ्हाडातली पूर्णा आमच्या जिल्ह्यात येऊन बसली होती. अकरा वर्षं त्यांनी ती ओळ दोनदा दोनदा सांगितली. अकरा वर्षं पोरांनी ती लिहून घेतली. त्यातली कितीतरी पोरं सुट्टीला जाता-येता तीच नदी पायाने तुडवत होती, आणि एकानेही हात वर केला नव्हता. मॅट्रिकचा पेपर तपासणाऱ्यालाही ती ओळ दिसली नाही, हे त्यात आणखी.

त्या घटकेला मला त्यांची फार कीव आली, आणि मनातून थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांच्या मोत्यांच्या अक्षरात एक तरी खडा निघाला, असं. हे मी आज कबूल करतो.

मास्तर उठले ते थेट किसनच्या बापाकडे गेले. "याला आणखी एक वर्ष माझ्याकडं द्या," म्हणाले.

बाप चकित झाला. "पास झाल्यालं पोरगं पुन्यांदा शाळंत घालू? लोक काय म्हणतील?"

"नापास मी झालोय. त्याची पुन्हा तयारी करून घेतो."

म्हाताऱ्याला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने बराच वेळ हातातल्या दोरीला पीळ दिला आणि म्हणाला, "मिरगापतोर न्या. तवर त्याचा जीव कालेजात लागंल असं झालं तर जाऊ द्या त्याला. न्हाई तर मंग औत त्याच्या हातात, आन पुन्हा ह्यो विषय काढायचा न्हाई."

परतताना वाटेत पूर्णा लागली तेव्हा मास्तरांनी मोटार थांबवायला लावली. खाली उतरले, काठावरची एक काडी पाण्यात टाकली आणि बघत राहिले. काडी उगवतीकडे निघून गेली. ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेबांचं काही पडलं का पाण्यात?" मी म्हटलं, "नाही, भूगोल चाललाय."

त्या दिवसापासून लाल वही कपाटात गेली.

दर शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाला पोरं मोकळी होतील अशा बेताने, मॅट्रिकच्या वर्गाला ते बिनपुस्तकाचा तास घ्यायला लागले. भराभर बोलायचे, एकदाच बोलायचे. सांगितलेलं उतरवायचं नाही, ऐकून आपल्या शब्दांत टिपायचं. पहिल्या शुक्रवारी पोरांनी जिवाच्या आकांताने सगळंच लिहिलं. एकाच्या वहीत 'सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी, मागची खिडकी लाव रे' असं निघालं. मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आणि प्रत्येक तासात ते मुद्दाम एक चूक पेरायचे. शेवटी विचारायचे, कुठं चुकलो? पोरांनी शाळेच्या कपाटातली पुस्तकं काढायची, नकाशे धुंडाळायचे आणि पुराव्यासह चूक दाखवायची. त्या कपाटाला वर्षानुवर्षं कुलूप होतं. किल्ली शिपायालाही सापडेना, शेवटी कोयंडा उचकटला.

मलाही त्यांनी सोडलं नाही. "तुम्ही अवघड बोलता, पोरांना कळत न्हाई. तुम्ही प्रोफेसर व्हा," म्हणाले. मी फळ्याकडे तोंड करून पुटपुटत गणित सोडवायचं आणि पोरांनी मला मध्येच थांबवून म्हणायचं, 'समजलं नाही.' मला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे. मास्तर मागे बसून पोरांना सांगत, "समजलं न्हाई म्हणायला शिका. हे मॅट्रिकला विचारत न्हाईत, पण कॉलेजात रोज लागतं." भात शिजवणं, गाडीचं वेळापत्रक वाचणं, अर्ज लिहिणं, हेही त्या शुक्रवारांत आलं. दोन पोरांनी शाळेच्या अंगणात भात करपवला तो वास शनिवारी वर्गापर्यंत होता.

किसन शेवटच्या बाकावर बसे. हजेरीत त्याचं नाव नव्हतं. हेडमास्तरांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. चुका त्याला सगळ्यांच्या आधी सापडत, वहीत तो त्या नीट लिहून ठेवी. पण उठून बोलायचं म्हटलं की ओठ शिवल्यासारखे. होळी गेली, पाडवा गेला. किसनचं तोंड उघडेना.

"बोलंल का हो?" मास्तर मला विचारत. मी गणितवाला. मी म्हणे, शक्यता कमी दिसते.

मिरगाला दीड महिना राहिला, उन्हाळी सुट्टी तोंडावर आली असताना शाळा तपासायला हैदराबादहून मोठे साहेब आले. हेडमास्तर सकाळपासून घामाघूम. त्यांनी मास्तरांना हात जोडून सांगितलं, "आज तुमचं ते चुका-बिका काही नको." मास्तर म्हणाले, "बिलकुल न्हाई." आणि त्यांनी खरोखरच चूक पेरली नव्हती.

साहेब मागे खुर्ची टाकून बसले. शेजारी हेडमास्तर, दाराशी मी. मास्तर नकाशा लावून आमच्या भागातल्या नद्या सांगत होते. साहेबांसमोर त्यांचा आवाज थोडा चढला होता, बोलणं घाईचं झालं होतं, आणि त्या घाईत ते म्हणून गेले की दुधना पुढे जाऊन गोदावरीला मिळते.

तास संपला. खडू टेबलावर ठेवला, हात झटकले. सवयीने "कुठं चुकलो?" तोंडावर आलं असावं, ते त्यांनी गिळलं.

शेवटच्या बाकावरून किसन उठला. टिपणांची वही त्याने बाकावरच ठेवली.

"जनाब, गलती है," तो म्हणाला. "दुधना गोदावरी में नहीं मिलती. पहले पूर्णा में मिलती."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. मास्तर नकाशाकडे वळले, दुधनेवर बोट ठेवून ते हळूहळू पुढे नेलं आणि पूर्णेपाशी थांबले. मग वळून त्यांनी साहेबांसमोर, हेडमास्तरांसमोर टोपी दोन बोटांनी उचलली. नेहमीपेक्षा जास्त वर उचलली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

साहेबांनी पोराचं नाव विचारलं, हजेरी मागवली. नाव हजेरीत नव्हतं. शेऱ्यात तीन गोष्टी आल्या: मास्तरांचं ज्ञान कच्चं, वर्गाला शिस्त नाही, आणि शाळेत परकी मुलं बसतात. उन्हाळा सरायच्या आत मास्तरांची बदली घनसावंगीला झाली. तिथे शाळा लहान. मॅट्रिकचा वर्ग नाही, कॉलेजात जाणारी पोरं नाहीत. मी चिडून साहेबांना अर्ज करायचं म्हणत होतो. मास्तर पुस्तकांची पेटी बांधत म्हणाले, "जाऊ द्या हो. तिकडं गोदावरी जवळ आहे. पाणी कुठं जातं ते बघत बसंन."

किसन त्या जूनमध्ये पुन्हा हैदराबादच्या गाडीत बसला. या वेळी त्याने ट्रंक स्वतः चढवली. ऑगस्टमध्ये मास्तरांना त्याचं कार्ड आलं, ते त्यांनी मला वाचायला पाठवलं. 'आज वर्गात उठून समजलं नाही म्हणालो. प्रोफेसरांनी पुन्हा सांगितलं. एकच मुलगा हसला. त्यालाही समजलं नव्हतं, असं मागाहून कळलं.' दसरा झाला, दिवाळी झाली. किसन सुट्टीपुरता आला आणि सुट्टी संपल्यावर गेला.

मास्तर घनसावंगीलाच वारले, ताप येऊन, चार दिवसांत. निरोप आला तोवर सगळं उरकलं होतं.

आमच्या शाळेत शोकसभा झाली. तोवर मी जुन्यांत जमा झालो होतो, म्हणून भाषण माझ्याकडे. मी रात्र जागून लिहून काढलं होतं. अशा भाषणांत असतं ते सगळं त्यात होतं. त्यागी होते, ऋषितुल्य होते. शेवटी आवाज जड करून मी म्हणालो, "इतक्या वर्षांच्या सेवेत त्यांच्याकडून एकही चूक झाली नाही."

मागच्या रांगेत एक धिप्पाड तरुण उठला. अंगात शेरवानी, हातात टोपी. हैदराबादेत एका शाळेत भूगोल शिकवत होता, सभेसाठी रात्रीच्या गाडीने आला होता. मी त्याला आधी ओळखलंच नाही.

"माफ करा मास्तर," किसन म्हणाला, "इथं चुकलात."

आणि त्याने भरसभेत सगळं सांगितलं. लाल वही, पूर्णा, हसलेला वर्ग, ट्रंक घेऊन परत आलेला तो, साहेबांसमोरची दुधना. इतकी वर्षं त्याने जे झाकून ठेवलं होतं, ते पोरांसमोर, पालकांसमोर, खणखणीत आवाजात सांगितलं. "त्यांनी दोन चुका केल्या," तो म्हणाला. "एक माझ्याकडून पाठ करून घेतली, दुसरी माझ्याकडून शोधून घेतली. त्यांच्या नावावर दोन्ही राहू द्या." आणि खाली बसला.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात भाषणाचा कागद होता, पण त्यावर आता वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तो घडी करून खिशात घातला, आणि डोक्यावरची टोपी दोन बोटांनी उचलली.