महालक्ष्म्यांचं डांगर

लग्न होऊन मी केदारखेड्याजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. परसात मात्र सासूबाईंचंच राज्य होतं. वैशाखात आखाजीच्या मुहूर्तावर त्यांनी डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, बी माझ्या हातानं लावून घेतलं. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्यांतलं डांगर घरचंच लागायचं. राजूरच्या बाजारातून आणायची वेळ त्या घरावर कधी आली नव्हती. वेल फळला तर नव्या सुनेच्या हाताला गुण आहे, नाही फळला तर नाही. हा निकाल जन्मभराचा असे.

वेल मांडवावर चढतोय न चढतोय तोच लाल भुंगे आले. नखाएवढे, चकचकीत आणि अगदी निवांत. पानांची चाळणी करून टाकली मेल्यांनी. शेजारी विचारलं, तर कुणी तंबाखूचं पाणी शिंपड म्हणे, कुणी लसूण-मिरची वाटून.

"बिलकुल न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "महालक्ष्म्यांच्या वेलाला लसूण? अन् तंबाखू तर थुंकायची चीज!"

मग निंबोळ्या वेचल्या, कुटल्या, भिजवल्या, गाळल्या. पाणी पानाला धरून राहावं म्हणून साबणाचा तुकडा घालायला गेले, तर त्यांनी हातच धरला. साबणात चरबी असते म्हणे. बरं, रिठे घ्या. रिठे फोडून फोडून माझी बोटं सोलून निघाली, तेही आंघोळ करून, ओल्या लुगड्यानं. भुंग्यांना सोवळं नव्हतं. ते पारोशानंच खात होते.

बरं, एरवी सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसायचं. पण मी कडुलिंबाच्या डहाळीनं वेलावर शिंपडलं, की सर यायचीच. सगळं धुऊन जायचं. मग सासूबाईंनी गोमूत्र काढलं.

"आत्याबाई, पाणी घालून पातळ करू," मी म्हटलं.

"गोमूत्रात आडाचं पाणी? पवित्र चीज बाटवून राह्यली का तू?"

निखळ गोमूत्र शिंपडलं. पानांच्या कडा जळाल्या, भुंगे जागच्या जागी. आणि सासूबाई वेलाकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होत्या. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. भुंग्यांचा राग, रिठ्यांचा राग, त्यांचा राग, सगळं एकदमच बाहेर आलं.

रडता रडताच सुचलं. देवघरात पैठणहून आणलेल्या गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पाण्याची बाटली होती. डोळे पुसत म्हटलं, "आत्याबाई, बादलीत गंगेचे दोन थेंब टाकले, तर सगळी बादली गंगाच झाली का न्हाई?"

त्यांना नाही म्हणता येईना. सणाच्या दिवशी आंघोळीच्या पाण्याचं त्या हेच करत.

त्या पाण्यानं गोमूत्र पातळ केलं, निंबोळीचं आणि रिठ्याचं पाणी मिसळलं आणि रोज सकाळी, भुंगे गारठून बसलेले असतानाच, पानांच्या खालच्या अंगानंही शिंपडत राहिले. हळूहळू भुंगे पांगले. उरल्यासुरल्या वेलाला एकच डांगर धरलं. मी येता-जाता त्याच्यावरून हात फिरवी.

महालक्ष्म्यांच्या दिवशी विळी घेऊन बसले, तर सासूबाईंनी थांबवलं. अख्खं डांगर बाईनं फोडायचं नसतं. सगळा पावसाळा बाजेवर तंबाखू मळण्यात घालवलेले मामंजी उठले. डांगर त्यांनी फोडलं, केशरी गर पाहुण्यांना दाखवला आणि म्हणाले, "आमच्या घरची मातीच तशी हाय." माझ्या मनात काय आलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जेवणं उरकल्यावर सासूबाईंनी डांगराच्या बिया धुऊन आणल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या.

"राखेत घोळून ठेव. पुढल्या साली बी तूच लाव," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताला येतं."

माझे डोळे भरून आले. मग आठवलं, पुढल्या साली म्हणजे पुन्हा भुंगे.

"मंग रिठे तुम्ही फोडायचे," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "फोडीन," म्हणाल्या.

आणि पुढल्या आषाढात त्यांनी ते फोडले. ओल्या लुगड्यानं, दिवसभर कुरकुरत.