व्हाइटनरची फुली

आता तुमच्यापासून काय लपवायचं! मी एका कॉम्प्युटरला बिघडवलं आणि त्यानं मला जिवंतपणी मारलं. हसू नका, चहा सांडेल!

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि मारेगावकडची, कापसातून सरकी काढायची आमची जिनिंग बंद पडली. मी तिथला ग्रेडर. कापूस हातात घेऊन प्रत सांगायची, हलक्या ढिगावर चुन्याची फुली मारायची, एवढंच मला येतं. नुकसान पाहायला मोटारी भरभरून पथकं आली, हळहळली, जेवली आणि गेली. काम कोणी दिलं नाही.

दिलं ते यवतमाळच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी. नुसती छातीच्या स्कॅनची फिल्म पाहून गाठ साधी की कॅन्सरची, हे त्या कॉम्प्युटरला शिकवत होत्या. त्यासाठी जुन्या पेशंटची फिल्म आणि त्याच गाठीचा तुकडा तपासून आलेला रिपोर्ट, अशा जोड्या त्याला दाखवायच्या. जोड्या लावायचं काम माझं.

आता सरमिसळ होऊ नये म्हणून शहाण्या माणसानं काय करावं? ज्याचा रिपोर्ट वाईट, त्याच्या फिल्मच्या कोपऱ्यात मी व्हाइटनरनं बारीक फुली मारली. जिनिंगची सवय, दुसरं काय!

महिनाभरानं मशीनची परीक्षा झाली. एकही गाठ चुकली नाही! चुकेल कशी? परीक्षेच्या फिल्मांवरही फुल्या माझ्याच होत्या. नागपूरहून मोठे डॉक्टर आले, टाळ्या वाजल्या, मला शाल-श्रीफळ मिळालं. कोपऱ्याकडे एकानंही पाहिलं नाही. मोठी माणसं बारीकसारीक बघत नाहीत.

मला जिनिंगच्या धुळीचा जुना खोकला. म्हटलं, एवढं हुशार मशीन घरचंच आहे, दाखवून घेऊ! स्कॅन काढला. आपली फिल्म गठ्ठ्यात हरवू नये म्हणून ओळखीला कोपऱ्यात... हो, हो, तेच केलं मी!

मशीन म्हणालं, कॅन्सर.

मॅडम त्या दिवशी गावाला गेलेल्या. घरी येऊन बायकोपुढे ढसाढसा रडलो. वाटलं, जाता जाता मन तरी मोकळं करावं.

"कमल, मले तुही पाटवडी कधीच आवडली नाई."

डोळे पुसता पुसता ती थांबली. "मंग बावीस वर्षं बोटं कायले चाटत होते?"

"खोटंच. अन् तुह्या भावाच्या लग्नात महं पोट दुखतच नोतं."

"अजून काय हाय?"

अजूनही बरंच होतं. सगळं सांगितलं. मरणाऱ्याला कसली भीती हो!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फिल्म उजेडात धरली. "छाती तर साफ आहे भाऊ. हे कोपऱ्यात काय?"

"ओळखीची फुली, मॅडम."

"बाकीच्या फिल्मांवर पण मारली?"

"नाई नाई, फकत वाईट रिपोर्टवाल्यांवर."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, मग कॉम्प्युटरनं गाठ कधी पाहिलीच नाही! इतके दिवस तो तुमच्या फुल्याच मोजतोय." महिन्याभराची मेहनत गेली आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायची पाळी आली. मला मात्र आनंदानं काही सुचेना. धावतच घर गाठलं.

"कमल, मले काहीच झालं नाई! मशीन फसलं! त्यानं नुसती फुली पाहून सांगतलं!"

कमल शांतपणे म्हणाली, "त्या बिचाऱ्याले तं फुलीच दिसली. मी बावीस वर्षं अख्खा मानूस पाहून राह्यली, तरी फसली."