शून्य अपघाताचं व्रत

"मान वर करा. लोकांना चेहरा दिसू दे," साहेब म्हणाले.

मी मान वर केली. समोर कारखान्याचे तीनशे लोक रांगेत उभे. माझ्या अंगात लाल जाकीट. त्याच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'मी निष्काळजी आहे.' डाव्या तळव्याला चार टाके. पत्र्याच्या धारेनं तळवा फाटला होता. हातमोजे संपून दोन आठवडे झाले होते, पण ते कुणी विचारलं नाही. साहेबांनी माझ्या हातात माइक दिला, वाक्य सांगितलं आणि तीनदा म्हणायला लावलं. "माझ्यामुळे शून्य अपघाताचं व्रत मोडलं." तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग माझ्या 'धैर्यासाठी' टाळ्या वाजवायला सांगितल्या. लोकांनी वाजवल्या.

ही सातपूरची गोष्ट. गेटजवळ मोठा फलक होता. अपघाताशिवाय किती दिवस गेले, ते त्यावर रोज लिहायचे. एखाद्याला लागलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हात कापायचा एकाचा आणि दिवस जायचे सगळ्यांचे. मी पुरे एकशे चाळीस दिवस घालवले होते. महिनाभर डबा खायला माझ्याशेजारी कुणी बसलं नाही.

सेफ्टीचे साहेब लबाड नव्हते. लबाड असते तर बरं झालं असतं. त्यांचा खरंच विश्वास होता. पहाटे ध्यान करायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत, आम्हाला 'मित्रांनो' म्हणायचे. सांगायचे, "मन शुद्ध असेल तर हाताला जखम होत नाही." मी त्यांचे हात पाहिलेत. गुलाबी नखं, एक ओरखडा नाही. माझ्या बापाचा अर्धा अंगठा विळ्यानं गेला होता. आपल्या बापाचं मन अशुद्ध असणार, असं मला त्या दिवसांत खरंच वाटून गेलं. त्या विचाराची मला आजही शिसारी येते.

पुन्हा ते जाकीट घालायचं नाही, एवढंच मी ठरवलं. लागलं की चिंधी गुंडाळायची, वर हातमोजा चढवायचा. दुसऱ्याला लागलं की त्याला झापायचं. वर्षभरात साहेबांनी मला 'सुरक्षा मित्र' केलं. दंडाला हिरवी पट्टी, हातात वही. कोण बोलत होता, कुणाचं लक्ष नव्हतं, नावं लिहायची. एक जण म्हणाला, "डबल ड्युटी झाली रे, गरगरतंय." मी त्याचंही नाव लिहिलं. सोमवारी तो लाल जाकिटात उभा होता आणि सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या होत्या. मी आलो की पोरं म्हणायची, "सरका, सोवळं आलं." मी पेठच्या डोंगरातला आदिवासी. मला कुणी सोवळं म्हणेल, हे माझ्या सात पिढ्यांच्या स्वप्नात आलं नसतं. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

हिरामण माझा सख्खा चुलतभाऊ. मीच त्याला गावाहून आणला, मीच पत्रा कापायच्या सहा नंबर प्रेसवर लावला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा पंच खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाही. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनं त्यातलं एक बटण चिकटपट्टीनं बांधून कायमचं दाबून ठेवलं होतं. मी रोज तिथून जायचो. मला दिसायचं. माझ्या वहीत माणसाच्या चुकीला रकाना होता, मशीनच्या चुकीला नव्हता. म्हणून मी लिहिलं नाही.

एके दिवशी सकाळी दहाला किंकाळी ऐकू आली. मी धावलो. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. रक्त त्याच्या शर्टावर, माझ्या पट्टीवर, पत्र्यांच्या थप्पीवर. आणि मी पहिलं काय केलं? हात बांधला नाही. त्याचं तोंड दाबलं.

"ओरडू नको. लोक बघतील."

तो गुदमरला आणि माझ्या हाताला कडकडून चावला. तरी मी दाबून धरलं.

साहेब आले. चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाले, "नऊशे सत्त्याण्णव झालेत. फक्त तीन दिवस." हजाराव्या दिवशी मोठा कार्यक्रम होता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे इथं घडलेलं नाही. तुम्ही समजून घ्याल." गाडीच्या सीटवर प्लास्टिक अंथरून हिरामणला खासगी दवाखान्यात नेलं. तिथं मी लिहून दिलं की गावी चारा कापायच्या कडबाकुट्टीत हात गेला. खाली सही केली. हिरामण बाकावर बसून ऐकत होता. तुटलेली बोटं कुठं गेली, ते मी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर गेलो. त्याच्या बायकोला, मंजुळाला, पढवायला.

"कुणी विचारलं तर कडबाकुट्टी सांगायचं."

"आपल्या घरी कडबाकुट्टी कुठं हाय? दोन शेळ्या हायत."

ती दार धरून उभी राहिली. "दादा, तुम्ही आमचे का त्यांचे, येवढं सांगा अन् जा."

हिरामण भिंतीकडं तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "त्याला नको विचारू. त्यानं माझं तोंड दाबलं."

मी रस्त्यावर आलो आणि गटारीच्या कडेला बसलो. दंडाची पट्टी ओढून काढली. शून्य अपघात! त्या शून्यात बसायला मी आधी स्वतःच्या जखमा लपवल्या, मग बापाला हलकं मानलं, मग सोबत्यांना शिक्षा करवल्या. आता भावाला गाडायला निघालो होतो. एवढं करून आपल्याजवळ एकही माणूस उरला नाही, हे मला तिथं कळलं.

हजारावा दिवस. मांडव, पेढे, पाहुणे. सुरक्षेची शपथ वाचायला मला बोलावलं. मी माइक हातात घेतला.

"आज हजारावा दिवस नाही. परवा सहा नंबर प्रेसवर हिरामणची तीन बोटं गेली. बटण बांधलेलं होतं. मला माहीत होतं. मी खोटं लिहून दिलं."

कुणीतरी माइक बंद केला. मग मी बेंबीच्या देठापासून तेच पुन्हा ओरडलो. मला मांडवामागं ओढत नेलं. वॉचमननं नाही, माझ्याच लाइनच्या माणसांनी. "हजार दिवस मातीत घातले भडव्यानं!" बरगडीत बूट बसला. दात पडला. गरगरतंय म्हणणारा तो माणूसही होता, आणि तोच सगळ्यात त्वेषानं मारत होता. त्याला काय बोलू? ही माणसं अशी करण्यात माझा हात होता.

साहेबांनी त्यांना थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. रुमाल पुढे करून म्हणाले, "माफी मागा. मी तुम्हाला पुन्हा घडवेन."

मी त्यांचा हात फटकारला. रुमाल मातीत पडला.

"तुमची माफी मागणार नाही. मला घडवायचं नाव काढू नका."

त्याच सुजलेल्या तोंडानं पोलीस ठाण्यात गेलो. जबाब दिला, आधी स्वतःचा गुन्हा सांगितला. नोकरी गेली. कारखान्यावर केस उभी राहिली. तारखेला हिरामण येतो, डाव्या हातानं सही करतो, लांबच्या बाकावर बसतो. माझ्याशी बोलत नाही. बोलावं म्हणून मी जात नाही.

पुढच्या तारखेला कारखान्याचा वकील माझी उलटतपासणी घेणार. विचारेल, "खोटं लिहून दिलंत ना?" हो. "भावाचं तोंड दाबलंत ना?" हो, मीच दाबलं. मला तिथं निर्दोष ठरायचं नाही. तो माझी लाज जितकी काढेल तितकी मी काढू देणार, आणि प्रत्येक वेळी पुढचं वाक्य बोलणार. बटण बांधलेलं होतं, आणि ते कुणी बांधलं, ते मी नावानिशी सांगणार.