कान कोण पिळणार?

माझं लग्न ठरलं आणि घरात पहिलं भांडण झालं ते नवरदेवाच्या कानावरून. हुंडा नाही, मानपान नाही, कान! आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट वागव म्हणून. मला भाऊ एकच, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि तो सहा वर्षांपासून आदिलाबादेत हिजड्यांच्या घरी राहत होता. बाबा सांगायचे, पोरगा हैदराबादेत कामाला आहे. आमच्या गावच्या, तलमडुगुच्या बसमधल्या प्रत्येकाला खरं काय ते ठाऊक होतं, पण आमच्या दारात आले की सगळे हैदराबादचं हवापाणी विचारायचे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, मी वीस वर्षांची होते आणि राग माझ्या नाकावर बसलेलाच असायचा. मी सांगून टाकलं, कान पिळेल तर माझा दादाच, नाही तर कोणीच नाही. चुलतभाऊ आहे ना, बाबा म्हणाले. त्या चुलतभावाला मी लहानपणी दोनदा चावले होते, तो माझ्यासाठी कोणाचा कान काय पिळणार! मी तीन दिवस जेवले नाही, म्हणजे बाबांच्या देखत जेवले नाही. चौथ्या दिवशी ते ताटावरून उठता उठता म्हणाले, "येऊ दे त्याले. पन सदरा-पायजामा घालून, पोरासारखा. साडीत दिसला तं मांडवातून हाकलून देईन."

मी अंगणात जाऊन उडीच मारली. बाबांना हलवलं म्हणजे काय गंमत होती?

खरं तर बाबांना हिजड्यांचं वावडं नव्हतं. आदिलाबादच्या बाजारात वांगी-टमाटे घेऊन बसले की बोहनी हिजड्याच्या हातून व्हावी म्हणून ते वाट बघायचे. तो हात लागला की माल उरत नाही, असं त्यांचं मत. गावात कोणाला मुलगा झाला की हिजड्यांना मुद्दाम बोलावणं जायचं. आशीर्वाद सगळ्यांना पाहिजे, फक्त देणारा आपल्या घरातला नको! मला याची तेव्हाही चीड यायची, आजही येते.

बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, आई आणि मी आदिलाबादला गेलो. आईने घरातल्या एकेका बाईचं पातळ निवडलं आणि शेवटी एक मोरपंखी रंगाचं बाजूला काढलं. हे कोणाचं, मी विचारलं. "राहू दे, लागन," म्हणाली. मग गाठोडी दुकानातच ठेवून आम्ही दोघी विचारत विचारत दादाच्या घरी पोचलो.

दार उघडलं ते नारंगी साडीतल्या एका उंच बाईने. लांब वेणी, कोपरापर्यंत बांगड्या, आणि डोळे थेट आईचे. दादा हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच राहिला. आई तर उंबऱ्यावरच बसली. घरातल्या म्हाताऱ्या गुरूने, ज्यांना सगळे अम्मा म्हणत होते, आईच्या हातात कप दिला. "पहले चाय पियो, रोना बाद में."

मी एका दमात सगळं सांगितलं. बाबा हो म्हणाले! कान तूच पिळायचा! फक्त एक दिवस सदरा घालायचा, बस! मला वाटलं, ती आनंदाने नाचेल. ती हातातली बांगडी फिरवत राहिली.

"सदरा घालून जो येईन, तो तुहा कोन?" तिने विचारलं. "मी तं नसन तो. लहानपनी भातुकलीत आपन लग्न लावत होतो, तवा मी कोन व्हायची?"

मला आठवलं. तांब्यावर नारळ म्हणून कवठ ठेवायचं आणि तो करा धरून माझ्या मागे उभं राहायचं, हा मान तिने कधी कोणाला दिला नाही. नवरीच्या मागे करा घेऊन बहीण उभी राहते, ती करवली.

"कान पिळायले मी येनार नाई," ती म्हणाली. "करवली म्हनून बोलावशीन तं नाचत येईन."

मला इतकी लाज वाटली! तीन दिवस उपाशी राहिल्याचं नाटक करून मी तिच्यासाठी मिळवलं काय, तर तिला नको असलेला सदरा. "मंग करवलीच ये," मी म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं आणि चहा संपवला. बाबांना काहीही सांगायचं नाही, हे आम्ही बसमध्ये बसायच्या आधीच ठरवलं.

घरी बाबांनी गाठोडी सोडली. "हे मोरपंखी कोनासाठी?"

"राहू द्या, लागन," आई म्हणाली. त्यांनी ते घडीवर घडी घालून पेटीत ठेवलं.

लग्नाचा मुहूर्त दुपारी बाराचा. पैनगंगेपलीकडून वऱ्हाड आलं होतं. मी मुंडावळ्या बांधून पाटावर उभी राहिले आणि वेशीकडून ढोलक ऐकू आली. पोरं ओरडत धावली, "हिजडे आले! हिजडे आले!" वऱ्हाडी मंडळी खूश, न बोलावता शुभशकुन दारात! अम्मांच्या ढोलकीवर सगळ्या नाचत आल्या. सर्वांत पुढे ती होती, लाल साडीत, नाचतच मांडवात शिरली. माझ्या मावसबहिणीच्या हातातून तिने करा घेतला आणि माझ्या मागे उभी राहिली.

ढोलक थांबली. नवरदेवाची आत्या म्हणाली, "नाचनं झालं ना, आता बाजूला व्हा म्हना त्याले."

नवरीने मान वर करायची नसते. मी अख्खी मागे वळले. "ते माही करवली हाय. करवली बाजूला झाली तं नवरीबी बाजूला व्हईन!"

भटजींनी घड्याळ बघितलं आणि मंगलाष्टकं सुरू केली. बाबा अंतरपाटाच्या पलीकडे होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मागे ती मला इतकी खेटून उभी होती की कऱ्यातलं पाणी माझ्या पाठीवर सांडत होतं. मला ते थंड पाणी फार आवडलं. कान शेवटी चुलतभावानेच पिळला, आणि असा पिळला की नवरदेव ओरडला. त्या चाव्यांचा राग त्याने तिथे काढला असावा.

मग आहेर. माणसांना टोपी-दुपट्टा, बायांना पातळ. बाबांनी आपल्या हाताने लिहिलेली यादी माईकवाला भोंग्यावर वाचत होता. "नवरीच्या बापाकडून, नवरीच्या भावाले, टोपी-दुपट्टा!"

बाबा टोपी घेऊन तिच्यासमोर आले. तिच्या डोक्यावर पदर होता, वेणीत गजरा. टोपी कुठे जाते हे सारा मांडव बघत होता. तिने मान खाली घातली. माझ्यासाठी ती आता टोपीही घालून घेणार, असं मला वाटलं. बाबा तसेच वळले आणि घरात निघून गेले. मी रडायच्या बेतात होते आणि त्याहून जास्त भांडायच्या.

ते बाहेर आले तेव्हा हातात मोरपंखी पातळ होतं, वर नारळ. त्यांनी ते तिच्या हातांवर ठेवलं आणि तिथूनच माईकवाल्यावर ओरडले, "करवलीले टोपी देतेत का कोनी? नीट वाच ना बे!"

"तुमीच लिहून देल्लं ना जी!"

बाबा त्याच्याजवळ गेले, यादी हातात घेऊन त्यांनी बघितली. "मंग मीच चुकलो," ते म्हणाले. "परत वाच."

भोंगा चालू होता. सगळ्या गावाने ऐकलं.