दुपारी दोनचं तापमान

युनिव्हर्सिटीने आम्हाला दिलेल्या वहीत तारीख, वेळ, तापमान असे रकाने होते आणि शेवटी दोन बोटं रुंदीचा एक रकाना, 'शेरा'. तिथं फक्त 'पंखा चालू' किंवा 'पंखा बंद' लिहायचं. पण घरात पंख्याशिवायही बरंच काही चालू असतं. माझे शेरे समासात गेले, समासातून मागच्या पानावर गेले, आणि शेवटी त्यांच्यासाठी वेगळी वही करावी लागली. त्या वहीतलेच हे काही.

आधी थोडं सांगते. विश्रांतवाडीच्या आमच्या वस्तीत सगळ्या खोल्यांवर पत्रा. युनिव्हर्सिटीला संशोधनासाठी फंड मिळाला, पण अट अशी, की काम लोकांवर नाही, लोकांना बरोबर घेऊन करायचं. पहिल्या वर्षी दहा घरांत तापमानाचे मीटर लावून आम्हीच उन्हाळा मोजायचा, मुख्य नोंद रोज दुपारी दोनची. दुसऱ्या वर्षीचा फंड मंजूर झाला, तर त्याच दहा घरांत पत्र्याखाली छत बसवायचं. कसलं, ते आम्ही ठरवायचं.

काम बघायला युनिव्हर्सिटीकडून केतकी नावाची मुलगी यायची. मी शिवणकाम करते आणि डायरी लिहायची जुनी सवय, म्हणून वही माझ्याकडे आली. शेजारी सुशीलामावशी. मूळच्या वाशीमच्या, इथं डबे करून देतात. छताची सगळ्यांत जास्त घाई त्यांना. एकुलती एक लेक रेखा हडपसरला दिलेली, आणि तिचं पहिलं बाळंतपण ह्याच खोलीत करायचं, हे मावशींनी तिच्या लग्नातच सांगून टाकलं होतं.

*

पहिला फॉर्म आला त्यात 'भागीदाराचा हुद्दा' असा रकाना होता. मावशींनी विचार करून सांगितलं, "शेजारीण." मी तसं लिहिलं.

आठ दिवसांनी फॉर्म परत. केतकी मला घेऊन ऑफिसात गेली. तिथल्या क्लार्कनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "शेजारीण हा हुद्दा आमच्या यादीत नाही. यादी बदलायला अर्ज करा. तोवर मी रिटायर झालेला असेन."

मग केतकीने 'सह-संशोधक' लिहिलं. म्हणजे काय, असं मावशींनी विचारलं, तर म्हणाली, "म्हणजे तुमचं आणि माझं काम एकच."

"मंग तू बी दोन वाजता इथं बसत जाय," मावशी म्हणाल्या.

ती खरंच बसायला लागली.

*

वर्षभराच्या वहीत दोन वाजताची एकच नोंद कोरी आहे. त्या दिवशी केतकी मावशींच्या फरशीवर बसल्या बसल्या झोपली. वीज गेली होती. मी नोंद करायला आले तर मावशी वहीनेच तिला वारा घालत होत्या. मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. वही हातातून सोडेनात.

शेऱ्यात मी लिहिलं: 'केतकी झोपली होती. वही रिकामी नव्हती.' युनिव्हर्सिटीने त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

*

रोज एक प्रश्नही विचारायचा असे. आज घरात कसं वाटतंय? बरं, गरम, फार गरम, असह्य, यांतलं एक निवडायचं. मावशींची खोली दहांत सगळ्यांत तापणारी आणि एप्रिलभर मावशींचं उत्तर 'बरं'.

केतकी हवालदिल झाली. मीटर बेचाळीस दाखवतोय आणि बाई म्हणतात बरं आहे, मग छतासाठी फंड कोण देणार? आम्हाला वाटलं, वाशीमच्या उन्हापुढे पुण्याचं ऊन त्यांना किरकोळ वाटत असेल. शेवटी मीच विचारलं.

"अवं, कोनी कसं हाय विचारलं त बरंच म्हना लागते न," मावशी म्हणाल्या. "तुम्ही काय खरंच विचारत होते काय?"

*

दुसऱ्या वर्षीचं ठरवायला मे महिन्यात कमिटी आली. तिघं जण. बसायचं मावशींच्या खोलीत.

सकाळपासून बायका कामाला लागलेल्या. केतकी कमिटीला आणायला गेली होती, मी ब्लाउजची डिलिव्हरी द्यायला. परत येऊन बघते तर पत्र्यावर ओली पोती, दारात ओली चादर, फरशीवर पाणी शिंपडलेलं. दोन दिवसांचं साठवलेलं पाणी पत्र्यावर गेलं होतं. आत ताकाचे पेले मांडलेले.

कमिटीतले मोठे साहेब ताक पिऊन म्हणाले, "इथं तर छान गार आहे."

केतकी माझ्याकडे बघायला लागली. मी मीटरकडे. चौतीस.

सगळे गेल्यावर ती मावशींना हळूच म्हणाली, "अहो मावशी, रोजच्यासारखं ठेवायचं होतं."

"पाहुन्यायले उकाड्यात बसवू?" मावशींना ते अजूनही पटलेलं नाही.

*

पत्र हिवाळ्यात आलं. 'प्राधान्यक्रम लक्षात घेता' दुसऱ्या वर्षी फंड देता येत नव्हता. खाली कमिटीचा अभिप्रायही जोडला होता. मी मावशींना पत्र वाचून दाखवलं, अभिप्राय वाचला नाही.

केतकी दहाही मीटर परत न्यायला आली. ते युनिव्हर्सिटीच्या मालकीचे. मावशींनी आपला मीटर पुसून, रुमालात बांधून दिला आणि वर तिला डबा दिला. केतकी आता हिंजवडीला नोकरी करते. डबा अजून तिच्याकडेच आहे. मावशी तो मागत नाहीत, आणून दे असंही म्हणत नाहीत. "असू दे, त्या निमित्तानं येईल."

*

मार्चमध्ये रेखाचा फोन आला. आठवा महिना सरत आलेला. कधी न्यायला येतेस, असं ती आईला विचारत होती. मावशींनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला मागच्या एप्रिलचं पान काढायला सांगितलं.

मी वाचलं. एक्केचाळीस. एक्केचाळीस पॉइंट पाच. बेचाळीस. बेचाळीस पॉइंट दोन.

"आई, मला चालतं गं," रेखा म्हणाली. "मी तिथंच तर वाढले."

"तू वाढली तवा कोनी मोजलं नोहतं," मावशी म्हणाल्या. "तुह्या घराले स्लॅब हाय. तिथंच राह्य."

फोन ठेवल्यावर बाळंतिणीसाठी आणलेला डिंक त्यांनी फळीवरून काढला आणि पिशवीत भरून हडपसरला पाठवायला माझ्याकडे दिला.

*

एप्रिलमध्ये रेखाला मुलगी झाली, तिकडेच. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी मावशींकडे बाळाच्या झबल्यासाठी जुनं मऊ लुगडं मागायला गेले. त्या पोळ्या करत होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"लिहिलं काय?"

"काय लिहू?"

"दोन वाजले न."

"मावशी, मीटर कुठंय आता?"

त्यांनी पोळी उलटली. भिंतीवर मीटरचा खिळा तसाच होता. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"चाळीस."

मी पिशवीतून वही काढली, तारीख घातली, वेळ घातली, चाळीस लिहिलं. वही मिटणार तेवढ्यात त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"थांब. चाळीस पॉइंट आठ."